सिंहासनाच्या सावलीतले प्रेम: ‘ॲशेस ऑफ लव्ह’ पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

कोणीतरी चिनी देवलोकाच्या मालिकेची शिफारस करते, आपण उत्साहाने पहिला भाग लावतो आणि चौथ्या-पाचव्या भागापर्यंत हात टेकतो. सगळ्यांचे केस लांब, सगळ्यांचे झगे फिकट, नावे दोन-दोन अक्षरांची. कोण कोणाचा भाऊ आणि कोण कोणाची वाग्दत्त वधू हे ध्यानात येण्याच्या आत पडद्यावर कोणीतरी कोणाच्या तरी मिठीत रक्त ओकत असते. पहिल्या खेपेला माझेही असेच झाले. नऊ भाग पाहून मी मालिका सोडून दिली आणि पुढे बऱ्याच महिन्यांनी, वही-पेन्सिल जवळ ठेवून, पुन्हा पहिल्यापासून पाहिली. दुसऱ्या खेपेला जे उमगले ते नव्या प्रेक्षकाच्या हाताशी आधीपासूनच असावे, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे. उदाहरण म्हणून एकच मालिका घेतली आहे, कारण प्रेम, त्याग आणि राजगादीचा झगडा हे तीन धागे या मालिकेत जितके घट्ट विणलेले आहेत तितके माझ्या पाहण्यात इतरत्र क्वचितच आले. कथेतील जी माहिती पुढे येईल ती बहुतेक सुरुवातीच्या भागांतील किंवा पूर्वपीठिकेतील आहे. शेवट मी सांगणार नाही.

पहिली पायरी: आपण काय पाहणार आहोत आणि त्याला किती वेळ लागणार आहे

‘ॲशेस ऑफ लव्ह’ हे परदेशी प्रेक्षकांसाठी दिलेले नाव आहे. मूळ चिनी नाव ‘श्यांग मी छन छन जिन रू श्वांग’ असे असून त्याचा सैल अर्थ ‘मधाचा दाट दरवळ, आणि राख दहिवरासारखी’ असा होईल. दहिवर हा शब्द लक्षात ठेवा, कारण नायिकेच्या मूळ रूपाशी त्याचा थेट संबंध आहे. ही मालिका २ ऑगस्ट २०१८ पासून चीनच्या ज्यांगसू वाहिनीवर दाखवली गेली. दूरचित्रवाणीवर तिचे ६३ भाग झाले. काही ठिकाणी हीच कथा ६० भागांत कापून दिलेली आढळते, तेव्हा भागांचा क्रमांक दुसऱ्याशी जुळला नाही तर घाबरून जाऊ नये. एक भाग पाऊण तासाचा धरला तर संपूर्ण मालिकेला सुमारे ४७ तास लागतात. रोज दोन भाग पाहिले तरी महिना जातो. सलग रात्रभर पाहण्याचा मोह टाळावा, कारण पहिल्या पंधरा-वीस भागांत विनोदाच्या आडून पेरलेल्या बारीक गोष्टी झोपेत निसटतात आणि पुढे त्यांच्यावरच सगळा डोलारा उभा राहतो.

या प्रकाराला चिनीत ‘श्येनश्या’ म्हणतात. तलवारबाजांच्या मानवी कथांना ‘वूश्या’ म्हणतात. श्येनश्यात मात्र साधनेने अमरत्व मिळवलेले सिद्ध, देव, आत्मे आणि त्यांचे लोक असतात. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर या प्रकाराला मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून देणारी मालिका २००५ साली आली, आणि तिचा आधार कोणतेही पुराण नसून तैवानमध्ये तयार झालेला एक संगणकीय खेळ होता. म्हणजे दिसायला प्राचीन असलेला हा प्रकार वयाने बराच तरुण आहे.

मालिका कोठे पाहावी याचे उत्तर तुम्ही कोठे राहता यावर अवलंबून आहे. भारत सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये ४३ ॲपवर बंदी घातली, त्यांत वीटीव्ही हे चिनी मालिकांचे मोठे ॲपही होते. त्यामुळे सिंगापूरच्या किंवा अमेरिकेच्या नातेवाइकांनी पाठवलेला दुवा पुण्यात उघडेलच असे नाही. इंग्रजी अक्षरओळींसह (म्हणजे सबटायटल्ससह) मूळ चिनी आवृत्ती मिळाल्यास तीच निवडावी. हिंदी भाषांतरित आवाजात संवाद कळायला सोपे जातात, पण या मालिकेत कोण कोणाला कोणत्या संबोधनाने हाक मारतो यावर अर्धी कथा उभी आहे, आणि ती संबोधने भाषांतरात सपाट होतात. मूळ आवृत्तीत ओठ आणि आवाज जुळत नाहीत असे वाटले तर तो तुमच्या फोनचा दोष नव्हे. ऐतिहासिक वेषांतील चिनी मालिकांत नटांना वेगळ्या कलाकारांचे आवाज देण्याची पद्धत रुळलेली आहे.

दुसरी पायरी: नावे डोळ्यांनी वाचू नका, कानांनी धरा

रोमन लिपीतील चिनी नावे इंग्रजीसारखी वाचली की गोंधळ वाढतो. एक्स हे अक्षर ‘श’च्या जवळ जाते आणि क्यू ‘छ’च्या जवळ. झेड या अक्षराने लिहिलेला उच्चार तर मराठी माणसाला आयता येतो: ‘चाक’ किंवा ‘चमचा’ म्हणताना आपण जो दंत्य च काढतो, जवळपास तोच. हिंदी भाषकाला तो शिकावा लागतो, आपल्याला नाही.

मुख्य नावे तीनच आहेत. जिन मी ही नायिका (यांग त्झ या अभिनेत्रीने ही भूमिका केली आहे), श्यू फंग हा अग्निदेव व स्वर्गसम्राटाचा धाकटा पुत्र (डंग लुन), आणि रुन यू हा रात्रिदेव व सम्राटाचा थोरला पुत्र (ल्वो युनशी). पहिले पाच भाग एवढ्या तिघांवर लक्ष ठेवावे. बाकीच्यांना त्यांच्या पदाने ओळखले तरी चालते.

तिसरी पायरी: पाच-सहा शब्द आधी समजून घ्या, आणि ते ओळखीचे निघतील

मराठी प्रेक्षकाला या जगात शिरणे जितके अवघड वाटते तितके ते नाही, कारण तेथील बरीच शब्दसंपत्ती बौद्ध ग्रंथांच्या भाषांतराबरोबर भारतातून चीनमध्ये गेली आहे. मालिकेत सतत कानावर पडणारा शब्द आहे ‘ज्ये’. इंग्रजी अक्षरओळींत त्याचे भाषांतर कधी संकट तर कधी परीक्षा असे केलेले असते. हा आपला ‘कल्प’ आहे. संस्कृत कल्प या शब्दाचे चिनीत ‘ज्येबो’ असे रूप झाले, त्याचा ‘ज्ये’ उरला; कल्पान्ती प्रलय होतो, म्हणून पुढे चिनीत त्याला अटळ आपत्तीचा अर्थ चिकटला. त्यातून ‘छिंग ज्ये’ म्हणजे प्रेमामुळे ओढवणारी आपत्ती आणि ‘ली ज्ये’ म्हणजे अशा आपत्तीतून पार होणे ही पदे आली. देवांनासुद्धा पुढची पायरी गाठायची असेल तर मर्त्यलोकात जन्म घेऊन, पूर्वस्मृती गमावून, ही आपत्ती भोगावी लागते. स्वर्गातील एक दिवस म्हणजे मर्त्यलोकातील एक वर्ष, हे गणित ठाऊक असले की देवांच्या दोन घोट चहाच्या वेळात खाली कोणाचे तरी तारुण्य कसे सरते, याचे आश्चर्य वाटत नाही.

दुसरा शब्द ‘न्येपान’, म्हणजे निर्वाण. श्यू फंग हा फिनिक्स पक्षी आहे आणि ठरावीक काळाने तो अग्नीत जळून नव्याने जन्मतो. त्या विधीला मालिकेत न्येपान म्हणतात. आपल्याकडच्या निर्वाणात पुन्हा जन्म नसतो, येथे मात्र नेमका तोच असतो. तिसरा शब्द ‘मो’. अक्षरओळींत त्याचे ‘डीमन’ होते आणि आपण मनात राक्षस उभा करतो. हा शब्द ‘मार’ या नावावरून आला आहे, बोधिवृक्षाखाली गौतमाला मोहात पाडू पाहणारा तोच मार, आणि त्याच्यासाठी चिनीत मुद्दाम नवे अक्षर घडवले गेले. त्यामुळे मो-लोकातील पात्रे कुरूप किंवा नरभक्षक असतील अशी अपेक्षा धरू नका. ती एका वेगळ्या सत्तेची प्रजा आहेत. त्यांच्यात दरबार आहे, राजकन्या आहेत, प्रामाणिकपणाही आहे, आणि काही वेळा तो देवांपेक्षा अधिक आहे. या दोन लोकांच्या सीमेवर ‘वांगछ्वान’ नावाची विस्मृतीची नदी वाहते. वैतरणी ऐकून वाढलेल्याला तिचा नकाशा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आणखी दोन गोष्टी. प्रत्येक पात्राला एक मूळ रूप असते: कोणी पक्षी, कोणी फूल, कोणी नाग-मत्स्य कुळातील. आणि प्रत्येकाजवळ ‘लिंगली’ म्हणजे साधनेने साठवलेली शक्ती असते, जी शतकांच्या हिशेबाने मोजतात, देतात, उसनी घेतात. सुरुवातीची जिन मी या शक्तीसाठी इतकी घासाघीस करते की भाजीबाजारात दोन रुपयांसाठी अडून बसलेल्या गिऱ्हाइकाची आठवण व्हावी.

चौथी पायरी: वहीत एक वंशवृक्ष काढा

ही पायरी वगळू नये असे मी आग्रहाने सांगेन, कारण बहुतेक नवे प्रेक्षक ही मालिका दोन भाऊ आणि एक मुलगी अशी प्रेमत्रिकोणाची गोष्ट समजून पाहतात आणि मग मधल्या भागांत त्यांना पात्रांचे वागणे अचानक बदलल्यासारखे वाटते. गोष्ट मुळात गादीची आहे. प्रेम तिच्या मांडवात सापडलेले आहे.

पानाच्या मध्यभागी स्वर्गसम्राट ताय वेइ लिहा. त्याच्या एका बाजूला सम्राज्ञी तू याव लिहा. ती पक्षिकुळातील आहे आणि तिच्याबरोबर त्या कुळाचे बळ सम्राटाला मिळाले आहे. दुसऱ्या बाजूला पुष्पदेवी त्झ फन लिहा आणि मध्ये तुटक रेष काढा: ताय वेइने तिच्यावर प्रेम केले आणि लग्न मात्र बळाशी केले. पलीकडे जलदेव ल्वो लिन लिहा, ज्याचे मन त्याच त्झ फनमध्ये होते आणि ज्याचा विवाह वायुदेवीशी लावून देण्यात आला. एका पिढीतील या चार-पाच रेषा कागदावर उमटल्या की पुढच्या पिढीची वाट बव्हंशी दिसू लागते.

आता खाली दोन पुत्र लिहा. श्यू फंग हा सम्राज्ञीचा मुलगा, वयाने धाकटा, पाच सैन्यांचा सेनापती, आईचा लाडका आणि दरबाराच्या दृष्टीने उघड वारस. रुन यू थोरला, पण सम्राज्ञीच्या पोटचा नव्हे. त्याची आई कोण हे येथे सांगत नाही. स्वतः रुन यूलाही आपले बालपण नीट आठवत नाही, एवढे पुरे. जुन्या चिनी घराण्यांत पट्टराणीचा पुत्र आणि इतर स्त्रीचा पुत्र यांच्या दर्जात मोठा फरक असे, आणि त्याच वेळी थोरलेपणालाही मान असे. एका मुलाकडे एक हक्क आणि दुसऱ्याकडे दुसरा असला की झगड्याला वेगळे कारण लागत नाही. मालिकेने हा पेच शरीरांतही मांडून ठेवला आहे. चीनमध्ये ड्रॅगन ही सम्राटाची खूण आणि फिनिक्स ही सम्राज्ञीची. येथे दुर्लक्षित थोरला मुलगा ड्रॅगन आहे, आणि वारस मानला गेलेला धाकटा फिनिक्स.

दोन्ही भावांना दिलेली कामेही पाहा. धाकटा सैन्य चालवतो. थोरला रोज रात्री आकाशात एकटा तारे मांडतो, आणि त्याच्या सोबतीला असते फक्त हरणासारखे दिसणारे एक स्वप्नभक्षी जनावर. एका मुलाच्या अंगणात सेनापतींची वर्दळ आणि दुसऱ्याच्या अंगणात कोणीच नाही, हे दिग्दर्शक कोणत्याही संवादाशिवाय दाखवतो. त्या जनावराला मात्र निव्वळ गोंडस समजून सोडू नका. ते दोन प्रकारची स्वप्ने खाते, डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींची आणि मनात आलेल्या गोष्टींची, आणि या फरकावर पुढे एक मोठे वळण अवलंबून आहे.

शेवटी एक करार लिहून त्याभोवती चौकट काढा: सम्राटाचा ज्येष्ठ पुत्र आणि जलदेवाची ज्येष्ठ कन्या यांचा विवाह ठरलेला आहे. मालिका सुरू होते तेव्हा जलदेवाला मूलच नाही, म्हणून हा करार हवेत लटकलेला असतो आणि सगळे त्याला जवळजवळ विसरलेले असतात. तुम्ही विसरू नका. जो पुत्र या कराराने जलदेवाचा जावई होईल त्याला एकाकीपणातून सुटका मिळेलच, शिवाय सत्तेच्या पटावर प्रथमच त्याच्या पाठीशी एक घराणे उभे राहील. रुन यूच्या प्रेमात हिशेब किती आणि ओढ किती, यावर प्रेक्षकांत अजून वाद होतात. माझ्या मते त्या माणसाला या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची संधीच कधी मिळालेली नाही. खुद्द ताय वेइ त्या आसनावर कसा पोचला, हा प्रश्न मालिका बऱ्याच उशिरा उघडते, त्यासाठी वंशवृक्षात त्याच्या शेजारी थोडी जागा कोरी ठेवावी.

पाचवी पायरी: हाका आणि वस्तू यांच्यावर नजर ठेवा

जिन मी पुष्पलोकातील एका बंदिस्त जागेत वाढली आहे आणि स्वतःला द्राक्षाचा आत्मा समजते. भाजलेल्या अवस्थेत आकाशातून कोसळलेला फिनिक्स तिला कावळा वाटतो. पुढे स्वर्गात गेल्यावर, रात्री पाण्यात सोडलेली रुन यूची शेपटी तिला दिसते, आणि ड्रॅगन कधी पाहिलेलाच नसल्याने ती त्याला मासा समजते. तेव्हापासून ती त्याला ‘श्याव यू’ म्हणजे ‘लहान मासा’ अशी हाक मारते, आणि अग्निदेवाला, ज्याच्यासमोर इतर माना खाली घालून ‘दिएनश्या’ म्हणजे ‘राजपुत्र’ म्हणतात, सरळ ‘फंगह्वांग’, म्हणजे पक्ष्याच्या जातीच्या नावाने. इंग्रजी अक्षरओळी कित्येकदा या सगळ्यांच्या जागी नुसते नाव टाकून मोकळ्या होतात. म्हणून कान उघडे ठेवावेत. ज्या दिवशी ‘लहान मासा’ ही हाक थांबते आणि तिच्या जागी पदवी येते, त्या दिवशी त्या नात्याचे काय झाले हे कोणी वेगळे सांगत नाही. तसेच सत्ताधारी पात्रे स्वतःसाठी साधा ‘मी’ न वापरता ‘बन च्वो’ असा, साधारण ‘हे आसन’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. कोण तो कधीपासून वापरू लागतो आणि कोणासमोर विसरतो, हे टिपण्याजोगे आहे.

वस्तूंपैकी एकच सांगतो. श्यू फंग आपल्या पिसांतील सर्वांत मोलाचे पीस जिन मीला देतो. ते पीस धारण करणाऱ्याचे रक्षण करते आणि असे पीस कोणी उगाच देत नाही, हे स्वर्गात सर्वांना ठाऊक आहे. जिन मी ते केसांत खोचते, कारण तिला अंबाडा बांधायला काहीतरी हवे असते. पाहणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर अर्थ उमटतो आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नाही. हा प्रसंग विनोदी आहे, पण तो विनोदी का आहे याचे कारण पुढील पायरीत आहे.

सहावी पायरी: प्रत्येक त्यागाला तीन प्रश्न विचारा

पहिल्याच भागात मरणासन्न त्झ फन आपल्या नवजात मुलीला एक गोळी भरवते. मुलीला पहिल्या दहा हजार वर्षांत प्रेमाची आपत्ती आहे असे तिला कळलेले असते, म्हणून मुलीने कधी प्रेम करूच नये, अशी व्यवस्था ती करून ठेवते. चोवीस फुलदेवी हे गुपित राखण्याची शपथ घेतात. त्या गोळीमुळेच मोठेपणी जिन मी पीस अंबाड्यात खोचते, लग्नाच्या प्रस्तावाला शक्तीच्या भावात मोजते आणि आपल्यासाठी कोणी मरत असताना तिला नेमके काय वाटायला हवे हे तिला कळत नाही.

श्येनश्या मालिकांत त्याग स्वस्त असतो, हा आक्षेप काही अंशी खरा आहे. दर चार भागांनी कोणीतरी कोणासाठी रक्त, आयुष्य किंवा साधना ओतत असते आणि सुरेल पार्श्वसंगीत वाजते. या मालिकेतही रुन यू एके ठिकाणी आपले अर्धे आयुष्य देऊन टाकतो. अशा प्रसंगी डोळे पुसण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: हा त्याग कोणी ठरवला, ज्याच्यासाठी केला त्याला विचारले होते का, आणि त्यानंतर त्याच्यावर कोणते ऋण चढले. त्झ फनची गोळी या कसोटीला लावून पाहा. जीव वाचवण्यासाठी दिलेल्या त्या गोळीने मुलीचे कशापासून रक्षण केले आणि कशापुढे तिला निःशस्त्र केले, याचे उत्तर मालिकेच्या उत्तरार्धात मिळते, आणि ते सोपे नाही. सम्राज्ञी तू यावलाही हेच प्रश्न विचारावेत. मुलासाठी आपण सारे काही केले असे तीही मनापासून मानते.

सातवी पायरी: कोठे थांबावे, कोठे थांबू नये

मर्त्यलोकातील भाग सुरू झाले की काहींना कथा भरकटली असे वाटते, कारण तेच नट वेगळ्या नावांनी, वेगळ्या वेषांत दिसू लागतात. नायिका तेथे वैद्यकुळातील पवित्र कन्या असते आणि नायक राजा. हे भाग वगळू नयेत. स्मृती आणि गादीचे गणित दोन्ही बाजूला ठेवले तर ही दोन माणसे एकमेकांशी कशी वागतील, याचा तो एकमेव पुरावा आहे. मो-लोकातील राजकन्येचे उपकथानक मला बेताचेच वाटते. घाई असेल तर तेथे वेग वाढवायला हरकत नाही. मात्र स्वर्गातील विवाहसोहळ्याची तयारी सुरू झाली की त्यापुढचे तीन भाग सलग पाहता येतील असा दिवस निवडावा, आणि तोपर्यंत छोट्या चित्रफिती सुचवणाऱ्या ॲपपासून लांब राहावे, कारण त्या सोहळ्यातील एक क्षण या मालिकेच्या प्रत्येक जाहिरातवजा तुकड्यात असतो.

पुढे याच जातीची दुसरी मालिका पाहावीशी वाटली तर तिची लांबी कमी असेल. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या प्रसारण नियामकाने मालिका ४० भागांच्या आत ठेवण्याचे सुचवले, आणि त्यानंतरच्या बऱ्याच मालिका ३६ ते ४० भागांत आटोपतात. कथा अधिक बांधीव होते हे खरे. पण रात्रिदेव एकटा तारे मांडत बसला आहे असे सावकाश प्रसंग त्यांत कमी सापडतात, आणि मला त्यांचीच उणीव जाणवते.

शेवटचा भाग संपल्यावर लगेच दुसरे काही लावू नका. वहीतील वंशवृक्ष समोर ठेवून पहिल्या भागाची पहिली दहा मिनिटे पुन्हा पाहा. पहिल्या खेपेला नजर बाळाकडे आणि गोळीकडे गेलेली असते. या वेळी ती शपथ घेणाऱ्या फुलदेवींच्या चेहऱ्यांवर ठेवा, आणि मग वंशवृक्षातील ताय वेइ आणि त्झ फन यांच्यामधली ती तुटक रेष पुन्हा एकदा पाहा.